अर्ध्या इंचाचा फूट

पत्र :

«मी नाशिकच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. नव्या अभ्यासक्रमात आमच्याकडे नेपथ्य, प्रकाशयोजना आणि वेशभूषा असा दोन क्रेडिटचा ऐच्छिक विषय आला आणि मी नाट्यशास्त्र केलेलं असल्यामुळे तो माझ्या वाट्याला आला. वर्गात बत्तीस मुलं-मुली, निम्मी कॉमर्सची. कार्यशाळा नाही, लाइट नाहीत, रंगमंच म्हणजे सभागृहातला सिमेंटचा ओटा. पहिल्याच तासाला सगळे म्हणाले, ‘मॅडम, आम्हाला ड्रॉइंग येत नाही.’ ज्यांना येतं ते इंटरनेटवरचं चित्र उतरवून आणतात. परवा एकाने एआयकडून दोन मिनिटांत राजवाडा काढून घेतला आणि विचारलं, ‘आता मॉडेल कशाला करायचं?’ मला उत्तर सुचलं नाही. त्यातच प्राचार्यांचा निरोप आलाय की यंदा गॅदरिंगचं स्टेज ‘तुमच्या मुलांनी’ सजवावं. हा विषय शिकवायचा कसा आणि मार्क कशाला द्यायचे?»

— एक प्राध्यापिका, नाशिक

ताई, नमस्कार.

त्या राजवाडेवाल्या मुलापासूनच सुरुवात करू. त्याला रागावू नका, त्याने तुमचं काम सोपं केलंय. त्याचं चित्र मोठं छापून आणा, फळ्यावर चिकटवा आणि वर्गाला प्रश्न विचारू द्या. हा दरवाजा किती फूट उंच? आत उघडतो की बाहेर? राणी आतून येते, म्हणजे एंट्रीच्या आधी ती नेमकी कुठे उभी असते? तिथे माणूस उभा राहील एवढी जागा आहे, की सभागृहाची भिंतच आहे? डावीकडच्या शेवटच्या खुर्चीतून सिंहासन दिसतं का? हा जिना तालमीच्या खोलीतून कालिदास नाट्यगृहापर्यंत न्यायला कुठला टेम्पो लागेल? आणि तो लावायला चार जण वीस मिनिटांत पुरे पडतील का?

तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला मुलगा स्वतःच हसायला लागेल. मग त्याला सांगा, पुढच्या तासाला याच राजवाड्याचा ग्राउंड प्लॅन, म्हणजे वरून पाहिलेला मापाचा नकाशा, घेऊन ये. बहुतेक वेळा असा प्लॅन होतच नाही, कारण चित्रातले दोन खांब एकाच ठिकाणी उभे असतात आणि जिना वर गेल्यावर कुठेच पोचत नाही. होत असेल तर फारच छान, त्याने त्यावरून मॉडेल करावं. चित्र कुठून आलं याच्याशी आपल्याला काय करायचंय?

माझं एकच म्हणणं आहे आणि बाकीचं सगळं त्यातून निघतं. नट कुठून कुठे जाऊ शकतो आणि तो कोणाला दिसतो, हे ठरवणं म्हणजे नेपथ्य. चित्र त्याच्या शेवटी येतं. आपण शिकवताना ते पहिल्या तासाला मागतो, म्हणून ‘ड्रॉइंग येत नाही’ हे रडगाणं सुरू होतं. पहिला महिनाभर वर्गात चित्र मागूच नका. टेप मागा.

नाशिकमध्ये मोजमापाची धास्ती घालवणं सोपं आहे. गंगेवरचा, म्हणजे गोदावरीच्या पात्रातला, दुतोंड्या मारुतीचा पुतळा त्यांना सगळ्यांना माहीत आहे. पूर आला की कोणी मीटरचे आकडे सांगत नाही, पाणी मारुतीच्या कमरेला लागलं, छातीला आलं, असंच घरोघरी बोलतात. म्हणजे माणसाच्या आकृतीवर जागा मोजायची सवय या गावाच्या अंगात आहेच. वर्गात तेच करायचं. मॉडेलमध्ये सगळ्यात आधी माणूस कापायचा. भिंत नाही, दार नाही, आधी माणूस.

प्रमाण कुठलं घ्यायचं? पुस्तकांत 1:25 असतं आणि ते चांगलंच आहे, पण मी तुमच्या जागी असतो तर अर्धा इंच म्हणजे एक फूट हे घेतलं असतं. आपला सुतार फुटात बोलतो, नाट्यगृहाचा माणूस रंगमंच फुटात सांगतो आणि प्लायवूड आठ बाय चारचं येतं. या मापाने साडेपाच फुटांचा माणूस पावणेतीन इंचांचा होतो आणि प्लायची अख्खी शीट चार इंच बाय दोन इंचांची होते. माउंटबोर्डचे, म्हणजे जाड पुठ्ठ्याचे, असे चार-बाय-दोनचे तुकडे कापून पाकिटात घालून द्या आणि सांगा, तुम्हाला दहाच शीट मिळतील. कॉमर्सची मुलं इथे एकदम जागी होतात. आजचा प्लायचा भाव विचारून येतात, मग आपणहून म्हणतात की मागची भिंत कापडाची करू. लाकडी चौकटीवर ताणलेला मांजरपाट, वर सरस आणि खडूचा हात, त्यावर रंग. फ्लॅट, म्हणजे रंगमंचावरची खोटी भिंत, असा जन्माला येतो हे त्यांना भाषणातून सांगावं लागत नाही, तंगीतून कळतं.

एक सकाळ नाट्यगृहात काढा. प. सा. नाट्यगृह असो, कालिदास असो, नाटक नसलेल्या वेळी व्यवस्थापकांना रीतसर पत्र देऊन परवानगी मागा. रंगमंचाच्या तोंडाची रुंदी, खोली, विंगांत किती जागा आहे, झालर किती खाली येते, सामान आत येतं ते दार केवढं, हे सगळं मुलांनी स्वतः टेप धरून मोजायचं. मग दोघांना दोन्ही टोकांच्या पहिल्या खुर्च्यांवर बसवा, एकाला बाल्कनीत पाठवा, आणि रंगमंचावरचा मुलगा हळूहळू मागे सरकू दे. जिथे तो कोणा एकाला दिसेनासा होतो तिथे खडूची खूण करा. खुणा जोडल्या की खरा रंगमंच किती उरतो ते पाहून मुलं गप्प होतात. तीच खडूची आकृती नंतर कॉलेजच्या गच्चीवर पूर्ण मापात काढा आणि पुढच्या सगळ्या तालमी तिच्यातच करा. याला खर्च खडूच्या एका डबीचा.

आता संहिता. एकच निवडा आणि अख्खं सत्र तीच ठेवा. लहान एकांकिका घ्या, शक्यतो ज्याचे फोटो यूट्यूबवर नाहीत अशी. कुसुमाग्रज आणि कानेटकर आपल्याच गावचे, त्यामुळे त्यांचं एखादं गाजलेलं नाटक घ्यायचा मोह होईल, पण मुलांच्या डोळ्यांत त्याचे तयार सेट बसलेले असतात आणि तुम्हाला पुन्हा उतरवून आणलेलं चित्र मिळेल. कॉलेजच्याच कोणी लिहिलेली एकांकिका असेल तर उत्तम. लेखक वर्गात येऊन भांडेल, तेही शिक्षणच.

वाचताना विशेषणांवर बंदी घाला. ‘उदास वातावरण’, ‘गूढ फील’ हे शब्द वहीत दिसले की लाल शाई. त्याऐवजी तक्ता करायला लावा: कोण, कुठून येतं, दिवसाची कुठली वेळ, हातात काय आहे, बसतं का, कशावर, पडद्याआडून कोणाला काय ऐकू येतं, जाताना घाईत जातं की रेंगाळतं. हातात जेवणाचं ताट घेऊन येणाऱ्या बाईला पायरी उतरावी लागली तर ती खाली बघणार. दिग्दर्शकाला तिची नजर त्या वेळी नवऱ्यावर हवी असेल तर पायरी तिथे चालणार नाही. असे पाच-सहा निर्णय झाले की सेट निम्मा ठरलेला असतो, आणि एक रेघ न काढता.

लाकूडच लागतं असंही नाही, हे दाखवायला 1972 साली पुण्यात आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’ची माणसांची भिंत पुरेशी आहे. नटांची रांग पडदा होते, उघडते, मिटते, दृश्य लपवते. मुलांना गच्चीवर दहा जणांची अशी भिंत करायला लावा आणि तिच्यातून एकाची एंट्री काढा. भिंत किती वेळात उघडते, कोण आधी हलतं, हे ठरवणारा त्या दिवशीचा नेपथ्यकार.

प्रकाशाकडे वळू, कारण ‘लाइट नाहीत’ ही तुमची तक्रार मला फारशी पटली नाही. एक खोली काळ्या कापडाने अंधारी करा, एक टेबललॅम्प आणा, एका मुलीला खुर्चीवर बसवा. दिवा समोरून धरा: चेहरा सपाट. डोक्याच्या वर, थोडा पुढे आणि एका बाजूला, साधारण 45 अंशांत धरा: नाक-डोळे उठून आले. खालून: भूत. मागून: फक्त कडा. मग दिवा दुप्पट लांब न्या. उजेड निम्मा नाही, पाव होतो, हे मुलांना मोबाइलवरच्या लक्समापक ॲपने मोजू द्या. फिजिक्सचा एखादा मुलगा असेल तर त्याचा भाव लगेच वधारतो.

पुढच्या तासाला दोन दिवे घ्या, दोन बाजूंनी, एकावर फिकट पिवळा कागद, दुसऱ्यावर फिकट निळा. अमेरिकेत येल विद्यापीठात शिकवणाऱ्या स्टॅन्ली मॅक्कँडलेस यांनी 1930च्या दशकात मांडलेली पद्धत ती हीच, आणि आजही आपल्याकडच्या बहुतेक नाट्यगृहांत लाइट लावणारा माणूस, हे नाव न ऐकता, पाया म्हणून तेच धरतो. मग कलकत्त्याचे प्रकाशयोजनाकार तापस सेन यांची गोष्ट सांगा. 1959 साली मिनर्व्हा थिएटरमधल्या ‘अंगार’मध्ये कोळशाच्या खाणीत पाणी भरत जातं आणि कामगार बुडतात, हे त्यांनी रंगमंचावर प्रकाशातून उभं केलं. लोक ते पाहायला गर्दी करायचे. नाटकापेक्षा लाइटचंच कौतुक झालं अशी टीकाही झाली. ही टीकासुद्धा वर्गात चर्चेला घ्या, कारण तुमच्या मुलांना धूर आणि लेझर यांची फार ओढ असणार.

रंगांसाठी एक गंमत आहे. रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, उडी मारून आलेला शर्ट कोणाच्या ना कोणाच्या घरी असतोच. तो आणायला सांगा. ट्यूबलाइटखाली, पिवळ्या बल्बखाली, मग लाल, हिरव्या कागदातून बघा. हिरव्या उजेडात लाल कापड काळपट पडतं हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की वेशभूषा आणि प्रकाश ही दोन वेगळी प्रकरणं म्हणून शिकवायची गरज राहत नाही. जरीकाठाचं एखादं पातळही आणा; बाजूच्या उजेडात जर कशी पेटते आणि समोरच्या उजेडात कशी मरते ते बघण्यासारखं असतं.

पुढेमागे सभागृहात हॅलोजन भाड्याने आणाल तर एक हिशेब भिंतीवर लावा. 1000 वॅटचा एक दिवा 230 व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो. 16 अँपिअरच्या प्लगवर तीन लावले की थांबायचं, वर्गातल्या साध्या 6 अँपिअरच्या सॉकेटवर एकच. एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडायचं नाही. पतंगाचा किंवा भेटवस्तूचा रंगीत कागद हॅलोजनवर लावायचा नाही, जळतो. त्याला दिव्यांसाठीचा रंगीत, पारदर्शक जिलेटिन कागदच हवा. थर्माकोल दिव्याजवळ नको. शिडीवर कोणी एकट्याने चढायचं नाही. आणि जोडणी कॉलेजच्या इलेक्ट्रिशियनने करायची, कितीही हुशार मुलगा वर्गात असला तरी.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मला सांगायचंय ते. आपल्या जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या बाजूला उन्हाळ्यात बोहाडा होतो. देवांची, राक्षसांची सोंगं मुखवटे चढवून रात्री गावाच्या गल्लीतून नाचत येतात, मशालीच्या उजेडात, वाजंत्रीच्या ठेक्यावर. तुमच्या विषयातला प्रत्येक घटक तिथे आहे. ती लांबट गल्ली रंगमंच आहे आणि प्रेक्षक दोन्ही बाजूंना आहेत, म्हणजे साइटलाइनचा, कुठून काय दिसतं याचा, प्रश्न आपल्या नाट्यगृहापेक्षा पूर्ण वेगळा. मुखवट्याचे डोळे, मिशा, दात एवढे ठळक का? दिवसा जवळून पाहिलं तर ते बटबटीत वाटतात. पण मशालीचा उजेड हलता असतो, खालून किंवा बाजूने येतो, आणि बघणारा अंधारात लांब उभा असतो. त्या उजेडात बारीक रेघ मरते. रंगवणाऱ्याने उजेड गृहीत धरून रंगवलंय. शिवाय नाचणाऱ्याच्या मानेवर किती वजन, त्याला किती दिसतं, त्याला वाट दाखवायला शेजारी कोणी लागतं का, मशालवाला त्याच्या पुढे चालतो की बाजूने?

वर्गाला एकदा घेऊन जा. गावकऱ्यांना आधी विचारून, आणि पूजेच्या वेळी मोबाइल खिशात ठेवून. परत आल्यावर निबंध नको, बोहाड्याच्या गल्लीचा ग्राउंड प्लॅन मागा, त्यावर मशालींच्या जागा दाखवून. जायला जमलं नाही तर मुखवट्याचा फोटो छापून त्याच अंधाऱ्या खोलीत खालून दिवा धरा, थोडं कळेल. तुमच्या वर्गात त्या भागातून आलेली मुलं असतीलच. ‘आम्हाला ड्रॉइंग येत नाही’ म्हणणाऱ्यांत ती पुढे असतात, आणि त्यांच्या काकाने मुखवटे रंगवलेले असतात.

याच्याच जोडीला भरताच्या ‘नाट्यशास्त्र’ ग्रंथातला आहार्याचा, म्हणजे वेशभूषा, रंगभूषा आणि रंगमंचावरच्या वस्तूंचा, भाग काढा. तुम्ही तो शिकला असाल, पण आपल्याकडे तो व्याख्या पाठ करण्यापुरता शिकवतात. पुस्ताचे, म्हणजे नाटकासाठी बनवलेल्या वस्तूंचे, तीन प्रकार, सन्धिम, व्याजिम, वेष्टिम, म्हणजे चटई-कातडं-कापड जोडून केलेलं, यंत्राने हलणारं आणि कापड गुंडाळून केलेलं. हे तिन्ही प्रकार मुलांना कॉलेजच्या स्टोअररूममधल्या भंगारातून करून दाखवायला लावा. भरताने तिथे हेही बजावलंय की जड दागिने घालू नका, नट थकतो, त्याला भोवळ येते. लाखेचे, अभ्रकाचे, पातळ पत्र्याचे हलके करा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला घाम पुसणारा नट दिसत होता. आपल्या गॅदरिंगच्या शिवाजी महाराजांना मात्र आपण अजून बारा किलोचा अंगरखा चढवतो.

गॅदरिंगवर आलोच. तासिका तत्त्वावर असताना प्राचार्यांना सरळ ‘नाही’ म्हणता येत नाही, हे मला माहीत आहे. तेव्हा ‘हो’ म्हणा, पण लेखी आणि अटींवर. फुगे, फुलांच्या माळा आणि पाहुण्यांच्या नावाचा बॅनर हे मंडपवाल्याचं काम. तुमची मुलं एका एकांकिकेचा किंवा एका नृत्याचा सेट आणि प्रकाश करतील. त्याचं बजेट आठवडाभर आधी हातात, रंगमंच आदल्या संध्याकाळी तीन तास रिकामा, निमंत्रण पत्रिकेत मुलांची नावं नेपथ्य-प्रकाश-वेशभूषा म्हणून, आणि हे तास विषयाच्या प्रात्यक्षिकात धरले जातील. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. थिअरीच्या एका क्रेडिटला 15 तास असतात, प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला 30. तुमचे दोन क्रेडिट थिअरी म्हणून लागले असतील तर तुम्ही तीस तासांत हे सगळं कोंबताय आणि मानधनही तेवढ्याच तासांचं घेताय. विभागप्रमुखांना भेटून निदान एक क्रेडिट प्रात्यक्षिकात वळतो का ते पुढच्या अभ्यास मंडळाच्या बैठकीआधी बघा. कलेविषयी बोलायला पुष्कळ लोक भेटतील, हे कोणी सांगणार नाही म्हणून मी सांगतोय.

काम वाटताना एक नजर ठेवा. काही न बोलता मुलं हातोडी उचलतात आणि मुलींकडे सुई-दोरा येतो. दर पंधरवड्याला गट उलटे करा, एवढंच.

मार्क. सुबक मॉडेलला जास्त मार्क देऊ नका, नाहीतर पुढच्या वर्षी ती मॉडेलं बाहेरून करून येतील. इंजिनिअरिंगच्या फाइलींचं काय होतं ते आपण बघतोच. निम्मे मार्क नोंदवहीला द्या. तिच्यात संहितेचा तक्ता, मोजमापं, आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे खोडलेले प्लॅन. दार आधी उजवीकडे होतं, नंतर मधे आलं, का? हे ‘का’ ज्याला तारखेसकट सांगता येतं तो शिकला. मॉडेलला वीस-पंचवीस टक्के पुरेत, आणि ते प्रमाणात आहे की नाही हे पट्टी लावून बघायचं, छान दिसतं का हे नाही. उरलेले तोंडी परीक्षेला. तिला बाहेरचा परीक्षक म्हणून एखादा प्राध्यापक बोलवण्यापेक्षा नाट्यगृहात सेट लावणारा सुतार किंवा लाइटवाला बोलवा, आणि त्याला मानधनाचं पाकीट द्या, नुसती शाल-श्रीफळ नको. तो मॉडेल हातात घेऊन दोनच गोष्टी विचारेल: हे कशावर उभं राहणार, आणि गाडीत कसं भरणार. राज्य नाट्य स्पर्धेला जिथे एका संघाचा सेट निघताच दुसऱ्याचा लागायचा असतो, तिथे या दोन प्रश्नांनीच कितीतरी सुंदर चित्रं बाद होतात.

सत्र संपल्यावर बत्तीस मॉडेलं ठेवणार कुठे, हा प्रश्न तुम्हाला मार्चमध्ये पडेलच. फोटो काढा, मग मुलांकडूनच ती सुटी करून घ्या. चार-बाय-दोनचे तुकडे परत पाकिटात गेले पाहिजेत. पुढच्या बॅचला नवा माउंटबोर्ड कोणी मंजूर करणार नाही. पहिल्या तासाआधी गच्चीच्या किल्लीचं तेवढं शिपाईमामांशी बोलून ठेवा, आणि टेप घेताना निदान पन्नास फुटांची घ्या.